हिल्डेसहाइम : दारं, छत आणि गुलाब

(दृश्य : काळपट ब्राँझच्या दारावरचा एक चौकोन, अगदी जवळून)

देव समोर उभा आहे. आदाम एका हातानं लाज झाकतोय आणि दुसऱ्या हातानं हव्वेकडे बोट दाखवतोय : 'मी नाही, हिनं.' हव्वा वाकली आहे. तिचं बोट खाली, पायाशी वळवळणाऱ्या सापाकडे : 'मी नाही, यानं.'

हे शिल्प इसवी सन १०१५ चं आहे. ते ओतणाऱ्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत नाही. पण पकडला गेलेला माणूस कसा उभा राहतो, कसा आक्रसून बोलतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

(दृश्य : कॅमेरा मागे सरकतो, दोन्ही दारं संपूर्ण दिसतात)

आपण उत्तर जर्मनीत, लोअर सॅक्सनी राज्यातल्या हिल्डेसहाइम शहराच्या कॅथेड्रलमध्ये आहोत. हानोफरहून रेल्वेनं जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर. जर्मनीला जाणारे बहुतेक प्रवासी कोलोनचे उंच मनोरे पाहतात आणि पुढे निघतात. हिल्डेसहाइम त्यांच्या यादीत नसतं. ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

ही दारं करवून घेतली बिशप बर्नवार्ड यांनी. सम्राट तिसरा ओटो लहान असताना बर्नवार्ड त्याचे शिक्षक होते, आणि पुढे त्याच्यामागोमाग रोमलाही जाऊन आले होते. प्रत्येक दार सुमारे पावणेपाच मीटर उंच, आणि एकसंध ओतलेलं. तुकडे जोडलेले नाहीत. अकराव्या शतकात एवढं वितळलेलं धातू एका दमात साच्यात उतरवायचं, म्हणजे एक चूक आणि सगळी मेहनत मातीत.

एकूण सोळा प्रसंग. डावीकडचं दार वरून खाली वाचायचं : आदाम-हव्वेच्या जन्मापासून त्यांच्या मुलानं, काईनानं, आपल्या भावाला, हाबेलाला मारलं तिथपर्यंत. उजवीकडचं खालून वर : येशूच्या आईला, मरीयेला, त्याच्या जन्माची शुभवार्ता मिळाली तिथपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंत. एकीकडे उतार, दुसरीकडे चढ. आता दोन्ही दारांवरचे शेजारशेजारचे चौकोन पाहा. डावीकडे निषिद्ध फळाचं झाड, तर त्याच ओळीत उजवीकडे क्रूस. डावीकडे शेतात राबणारा आदाम आणि बाळाला पाजणारी हव्वा, तर उजवीकडे मरीयेच्या मांडीवर येशू. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी हेच पुस्तक होतं.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. उद्ध्वस्त गल्ल्या, छप्पर नसलेलं कॅथेड्रल)

२२ मार्च १९४५. युद्ध संपायला दीड महिना उरला होता. भर दुपारी ब्रिटिश विमानं आली. हिल्डेसहाइमचं जुनं गाव लाकडी चौकटीच्या घरांचं होतं. शेकडो वर्षं वाळलेलं ओक, खेटून उभी घरं, अरुंद गल्ल्या. आग लागली आणि जुन्या गावाचा बहुतेक भाग जळून गेला. हजाराहून अधिक माणसं गेली. कॅथेड्रलच्या भिंती तेवढ्या उरल्या.

मग दारं कशी वाचली? ती आधीच काढून गावाच्या जुन्या तटाखालच्या भुयारात ठेवली होती. त्या तटावर आजही मध्ययुगातला एक बुरूज उभा आहे, केरवीडर. या नावाचा अर्थ 'परत ये'. रानात वाट चुकलेल्या एका मुलीला घंटेच्या नादात हेच शब्द ऐकू आले आणि ती घरी पोचली, अशी गावची दंतकथा. दारंही त्याच तटाखालून परत आली.

(दृश्य : सेंट मायकेल चर्च, लाल-पांढऱ्या कमानी, मग वर छत)

इथून थोडं चालत गेलं की सेंट मायकेल चर्च. हेही बर्नवार्ड यांचंच. पाया १०१० सालचा. आत एक चौकोनी खांब, मग दोन गोल, पुन्हा एक चौकोनी, अशी लय आहे. मान वर केली की सत्तावीस मीटरहून लांब रंगवलेलं लाकडी छत. सुरुवातीला पुन्हा आदाम आणि हव्वा. मग झोपलेला इशाय, म्हणजे येशूचा पूर्वज, आणि त्याच्यातून उगवून साऱ्या छतावर चढत गेलेला वंशवृक्ष. तेराव्या शतकातलं हे काम सुमारे तेराशे ओकच्या फळ्यांवर आहे. १९४३ मध्ये त्या फळ्या एकेक करून उतरवल्या, म्हणून चर्च कोसळूनही छत राहिलं.

तळघरात बर्नवार्ड यांची समाधी आहे. वरचं चर्च सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेपासून प्रॉटेस्टंटांचं आणि खालचं तळघर कॅथलिकांचं, एकाच छताखाली. कॅथेड्रल आणि हे चर्च, दोन्ही १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

(दृश्य : बाजारचौक)

बाजारचौकातली खाटकांच्या संघाची ही उंच इमारत १५२९ ची दिसते. खरं तर ती १९८९ मध्ये पूर्ण झाली. मूळ वास्तू १९४५ च्या त्याच मार्चमध्ये जळाली. साठच्या दशकात तिथे एक आधुनिक हॉटेल आलं. पुढे गावानं ते पाडलं आणि सुतारांनी जुन्या पद्धतीनं, लाकडात लाकूड अडकवून, वास्तू पुन्हा उभी केली. काही जण याला नक्कल म्हणतात. मला तसं वाटत नाही. एवढी वर्षं उलटल्यावरही गाव आपलं घर विसरलं नव्हतं, हे त्या तुळयांत दिसतं.

अस्सल जुनी घरं पाहायची असतील तर दक्षिणेला, सेंट गोडेहार्ड चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत जा. तिथवर आग पोचली नाही. आल्प्समधल्या प्रसिद्ध गोथार्ड खिंडीला नाव मिळालं ते हिल्डेसहाइमच्या याच संत बिशपांचं.

(दृश्य : कॅथेड्रलची मागची गोल भिंत, फिकट गुलाबी फुलं)

शेवटी पुन्हा कॅथेड्रलकडे, पण या वेळी मागच्या बाजूला. रस्त्यावर रंगवलेली पांढरी गुलाबं तुम्हाला वाट दाखवतात.

हा रानगुलाब. पाच पाकळ्यांचा, साधा. कथा सांगते की ८१५ च्या सुमारास सम्राट लुई शिकारीला आला असता पवित्र अवशेषांची पेटी या झुडपावर अडकवली गेली आणि नंतर काही केल्या निघेना. म्हणून तिथेच प्रार्थनास्थळ बांधलं. लोक याला हजार वर्षांचा गुलाब म्हणतात.

१९४५ च्या त्या मार्चमध्ये भिंत कोसळली आणि गुलाब जळून ढिगाऱ्याखाली गेला. मुळं मात्र मातीत खोल होती. काही आठवड्यांनी राखेतून धुमारे फुटले. लोकांनी ते मोजले. पंचवीस.

आज वेल दहा मीटरपर्यंत चढली आहे. मेच्या अखेरीस बहर येतो आणि जेमतेम दोन आठवडे टिकतो. यायचं तर तेव्हा या, सकाळी लवकर. तेव्हा अंगणात जुन्या थडग्यांमध्ये पाखरांचाच काय तो आवाज असतो.