चौकटीवरची पूररेषा

मंडळी, जाहीर झालेला विषय आहे 'सांगलीचा पूर आणि पूररेषा'. रेषेकडे मी येणारच आहे, पण आधी आमच्या जुन्या घरातल्या एका चौकटीबद्दल बोलू द्या. मला पूररेषा कळली ती तिथे.

घाटाकडे उतरणाऱ्या बोळात शेवटून तिसरं घर आमचं. पूर रस्त्यावरून चालत दारात येतो, असं लांबच्या लोकांना वाटतं. तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्याही घरी तो मोरीतूनच यायचा! नदी अजून बोळाच्या तोंडाशी असायची आणि रात्री मोरीच्या भोकातून गुळगुळ आवाज सुरू व्हायचा. आजी उठून भोकात गोणपाटाचा बोळा कोंबायची, वर पाटा ठेवायची. पाटा हलायला लागला की धान्याचे डबे माळ्यावर चढवायला सुरुवात.

माझं काम काड्यांचं. संध्याकाळी आजोबा खराट्याच्या तीन काड्या काढून पाण्याच्या कडेपासून वर वितीवितीवर रोवायचे. तासातासाने कंदील घेऊन मी बघून यायचो. पहिली काडी बुडाली की धावत येऊन सांगायचं. दुसरी बुडायला किती वेळ लागला, हे त्यांना नेमकं लागायचं. "पाणी किती आलंय ते कुणीही सांगेल. ते किती भराभर चढतंय ते बघ," म्हणायचे. एका रात्री दुसरी काडी तशीच उभी राहिली आणि तिच्या बुडाशी ओल्या मातीची एक बारीक कड दिसली. पाणी बोटभर मागं सरलं होतं. ती कड मला आजही डोळ्यांसमोर दिसते. घरी येऊन सांगितलं तेव्हा आजोबांनी काही न बोलता पहिल्यांदा चहा मागितला.

सकाळी बायका कृष्णामाईची, म्हणजे आमच्या नदीची, ओटी भरायला निघायच्या. खण, नारळ, तांदूळ. जिनं रात्रभर झोपू दिलं नाही तिचीच ओटी! लहानपणी मला याचं नवल वाटलं नाही. घरातलं माणूस रागावलं तर त्याची समजूत काढायची, एवढंच ते होतं.

आणि आता चौकट. स्वयंपाकघराच्या सागवानी चौकटीवर दर पाडव्याला आम्हा भावंडांची उंची कोळशाने मांडली जायची. त्याच चौकटीवर दुसऱ्या बाजूला आजोबा पुराची रेघ ओढायचे आणि शेजारी तिथी लिहायचे. त्यामुळे आम्हाला पूर फुटात माहीतच नव्हता. "त्या श्रावणात पाणी ताईच्या कानाला लागलं असतं," असं आमचं मोजमाप. सामान कुठवर चढवायचं, हे चौकट सांगायची.

पुढे घराची दुरुस्ती निघाली. मिस्त्रीने ती चौकट उपटली, लोखंडी बसवली आणि जुनं लाकूड हातगाडीवर घालून नेलं. मी तेव्हा नोकरीसाठी पुण्यात होतो. आलो तेव्हा भिंत गुळगुळीत, पांढरी. तीन पिढ्यांची नोंद गेली, आणि घरातल्या कुणालाही तसं वाटलं नाही. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

सांगलीतला कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 सालचा. पुराच्या पाण्याची उंची तिथे फुटांत मोजतात. आपण सगळे त्याच्या फुटांवर जगतो. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2005 साली पाणी जवळपास 54 फुटांवर गेलं. मग चौदा वर्षं सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "पाचला इथपर्यंतच आलं होतं." त्या आठवणीच्या वीतभर वर सामान ठेवून लोक घरात थांबले. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी साडेसत्तावन्नपर्यंत चढलं, म्हणजे सुमारे साडेतीन फूट जास्त. ताईच्या कमरेइतकं. खाली हरिपूरच्या संगमावर वारणा नदी भरून आली की कृष्णेला पुढे जायला वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि पाणी उतरायचं नाव घेत नाही. खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या आलमट्टी धरणावर आज बोलत नाही, त्याला वेगळी संध्याकाळ लागेल.

निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर आहेत. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण घर भाड्याने घेणारी बाई नकाशा बघत नाही, भिंत बघते. मोबाईलवर येतं, "इतके क्युसेक विसर्ग," म्हणजे धरणातून सेकंदाला इतके घनफूट पाणी सोडलं. त्या आकड्यावरून माझ्या आजीला पाटा कधी ठेवायचा ते कळलं नसतं. म्हणून माझं मागणं एवढंच: प्रत्येक बोळात, विजेच्या खांबावर किंवा देवळाच्या भिंतीवर, 2005, 2019 आणि 2021 च्या रेघा कायमच्या कोराव्यात. आणि शेजारी लिहावं, आयर्विनला किती फूट झाले की या जागी पाऊल भिजतं. रंगाने नको, दगडात हवं. रंग दुसऱ्या दिवाळीला पुसला जातो.

बाहेर टेबलावर एक वही आणि मोजपट्टी ठेवली आहे. मोजपट्टी घरी न्या, भिंतीवर ओल अजून दिसत असेल तर उंबऱ्यापासून मोजा. वहीत बोळाचं नाव, साल आणि उंची लिहा. घर क्रमांक नको. सूर्यवंशी प्लॉट आणि कर्नाळ रोडची मंडळी आली असतील तर त्यांनी आधी लिहावं, पाणी पहिल्यांदा त्यांच्याकडेच येतं.