नऊ नावांचा कागद

(नाशिकमधील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, माईक जरा खरखरतोय, चालवून घ्या. आधीच सांगून टाकतो, मी बहाई धर्माचा नाही. निवृत्त शिक्षक आहे. ओळखीतल्या एका बहाई कुटुंबाकडे गेली काही वर्षं प्रार्थनासभेला जाऊन बसतो, एवढाच माझा अधिकार.

आपण नाशिककर. कोणाला आपलं म्हणायचं, हा प्रश्न आपल्या गावात दाराशी येऊन अडलेला आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटानं लढवला. दार उघडलं नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी काय जाहीर केलं, ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे 'आमच्याकडे सगळ्यांना प्रवेश आहे' असं कोणी म्हणालं, की माझ्यातला मास्तर जागा होतो. आत आल्यावर बसायचं कुठे? बोलू देता का? आणि शेवटी ठरवतं कोण?

बहाईंच्या बाबतीत हेच प्रश्न घेऊन मी बसलो. त्यांच्यात पुरोहित नाही, मुल्ला नाही, महाराज नाही. या धर्माचे संस्थापक बहाउल्लाह १८९२ साली गेले, पण धर्मगुरूंचा वर्ग त्यांनी ठेवलाच नाही. गावाचा कारभार नऊ जणांची आध्यात्मिक सभा बघते, देशाचा कारभार नऊ जणांची राष्ट्रीय आध्यात्मिक सभा. भारत आणि ब्रह्मदेशाची मिळून अशी पहिली सभा १९२३ साली झाली.

आता ही नऊ माणसं येतात कुठून? इथे मला खरी गंमत वाटते. उमेदवार नाही. अर्ज भरणं नाही. प्रचार तर नाहीच, कोणाला मत द्यावं याची कुजबुजसुद्धा चालत नाही. (आपल्याकडे नुसता वाढदिवस असला तरी चौकात फ्लेक्स लागतो.) रिजवानच्या सणात, म्हणजे एप्रिलच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेच्या सुमाराला, गावातले बहाई जमतात, प्रार्थना करतात, आणि जो तो गुपचूप कागदावर नऊ नावं लिहितो. राष्ट्रीय सभेसाठी ठिकठिकाणचे बहाई आधी प्रतिनिधी निवडतात. ते प्रतिनिधी अधिवेशनात मत देतात, पण नावं त्यांनी एकमेकांतलीच लिहावीत असं बंधन नाही. देशातला कोणताही प्रौढ बहाई चालतो. कुठल्याशा खेड्यातली शिक्षिका चालते आणि पुण्यातला इराणी हॉटेलवालाही चालतो.

आणि दोघांना सारखीच मतं पडली तर? चिठ्ठी टाकू, पुन्हा मतदान घेऊ, असं आपण म्हणू. बहाईंचे तेव्हाचे प्रमुख शोघी एफेंदी यांनी १९३८ साली लिहून ठेवलंय, की त्या दोघांतला एक अल्पसंख्य गटातला असेल, तर पुन्हा मतदान न घेता जागा त्यालाच द्यायची. एवढासा नियम आहे. पण 'सगळे समान' ही घोषणा कागदावर नेमकी कुठे उतरते, ते मला या नियमात दिसलं.

दुसरी जागा म्हणजे त्यांचं सहभोज. बहाई पंचांगात १९ दिवसांचे १९ महिने. दर महिन्याच्या आरंभी सगळे जमतात. आधी प्रार्थना, मग कारभाराची चर्चा, मग खाणंपिणं. चर्चेला ते परामर्श म्हणतात. तुम्ही एक मुद्दा मांडलात, की तो तुमचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. नंतर कोणी तो खोडला तर रुसायचं नाही. निर्णय झाल्यावर 'मी तेव्हाच सांगत होतो' हेही म्हणायचं नाही. आमच्या सोसायटीत हा नियम लावला, तर सभा दहा मिनिटांत आटपेल!

एका प्रार्थनासभेनंतर मी खिशातून पाचशेची नोट काढली. चहा-बटाटेवडे झाले होते, मनात आलं, आपलंही काही जावं. यजमानीणबाईंनी नोट माझ्याच हातात परत ठेवली. "काका, निधी फक्त बहाईंकडूनच घेतो आम्ही. तुम्ही वडा घ्या अजून एक." मला क्षणभर परकं वाटलं, खोटं कशाला बोलू? नंतर कळलं, बहाईंच्या दिल्लीतल्या कमळ मंदिरालाही (लोटस टेंपल) हाच नियम आहे. १९८६ साली ते उघडलं. सिंधमधल्या हैदराबादच्या अर्दशीर रुस्तमपूर यांनी जमिनीसाठी आयुष्यभराची पुंजी दिली होती. तिथे कोणीही जावं, बसावं, कोणत्याही धर्माची प्रार्थना म्हणावी, पण दानपेटी मात्र शोधूनही सापडत नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. जगभरच्या बहाईंची सर्वोच्च संस्था, इस्रायलमधल्या हैफाचं विश्व न्याय मंदिर, १९६३ साली पहिल्यांदा निवडलं गेलं. त्याच्या नऊ जागांवर फक्त पुरुष निवडून येतात. देशाच्या आणि गावाच्या सभांत स्त्रिया असतात. मुंबईत जन्मलेल्या शिरीन फोजदार यांनी सिंगापुरात स्त्रियांच्या हक्कांसाठी केवढं काम केलं! तरी सगळ्यात वरच्या पायरीवर बाई नाही. हे मी माझ्या बहाई यजमानांच्या घरी बसूनही विचारलं. त्यांनी श्रद्धेचं उत्तर दिलं, मला ते पटलं नाही, आणि चहा दोघांनीही प्यायला.

दुसरी गोष्ट आकड्यांची. भारतात वीस लाख बहाई आहेत, असं सांगितलं जातं. २०११ च्या जनगणनेत सापडले ४,५७२. एवढी तफावत कशी? १९६१ नंतर माळव्याच्या खेड्यांतून लोक मोठ्या संख्येनं या धर्मात आले, त्यात दलित पुष्कळ. भजनांतून संदेश पोहोचला, नावं नोंदली गेली. पण बहाई व्हायला गणपती काढून टाकावा लागला नाही, जातीचा दाखला बदलावा लागला नाही. मग जनगणनेचा माणूस दारात आला की तोंडून 'हिंदू' येणारच. शिवाय माझा अंदाज असा, की एकदा नाव नोंदलं, पण दर एकोणिसाव्या दिवशी शेजारी बसायला कोणी आलंच नाही, अशीही गावं असतील. वहीतलं नाव आणि पंगतीतलं पान, यांत फरक असतो.

हे सगळं मी यजमानांजवळ बोललो. ते हसले आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "सर, तुमच्या सोसायटीसाठी लिहून बघा. कोणाला विचारायचं नाही. नऊ नावं, कमी नाही, जास्त नाही."

मी चष्मा लावला. सहाव्या नावाला पेन अडलं. वीस वर्षं त्या इमारतीत राहतोय. कागद घडी करून खिशात घातला. घरी आल्यावर बायकोनं तो वाचला आणि म्हणाली, "अहो, हे सहाही आपल्याच विंगमधले की!"