सदाचारी लोकांचं भांडण

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांना दास्यातून सोडवलं, त्याबद्दलचा तो मान. पण त्याआधी चारच वर्षं या सदाचारी मंडळींची आपसांत चांगलीच जुंपली होती.

१२ मे १८६९. न्यूयॉर्कचं स्टाइनवे हॉल. काळ्यांना आणि स्त्रियांना समान हक्क मागणाऱ्या संघटनेची सभा. एका बाजूला फ्रेडरिक डग्लस, मेरीलंडच्या गुलामीतून पळून आलेले वक्ते आणि संपादक. दुसऱ्या बाजूला स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या सुसान अँथनी. ओळख जुनी, रॉचेस्टर गावची. अँथनींच्या शेतावर रविवारी गुलामगिरीविरोधक जमायचे, त्यांत डग्लसही असत. १८४८ साली सेनेका फॉल्स गावी भरलेल्या स्त्री-हक्क परिषदेत एलिझाबेथ स्टँटन यांनी स्त्रियांना मत मागितलं, ते सोबतच्यांनाही अती वाटलं. तेव्हा त्यांची बाजू उचलून धरली ती डग्लस यांनीच.

आता वाद होता पंधराव्या घटनादुरुस्तीचा. वर्णावरून किंवा पूर्वीच्या गुलामीवरून कुणाचं मत नाकारता येणार नाही, असं ती सांगत होती. बाईबद्दल अवाक्षर नाही.

डग्लस म्हणाले, बायकांना केवळ बायका म्हणून घरातून ओढून दिव्याच्या खांबाला लटकवतील, तेव्हा त्यांनाही मताची आमच्याइतकीच निकड असेल. सभेतून कुणीतरी विचारलं, काळ्या बाईचंही हेच होतं ना? "होय, होय, होय! पण ती बाई आहे म्हणून नव्हे, काळी आहे म्हणून."

उत्तर बिनतोड. तरी त्या दुरुस्तीनं काळ्या बाईच्या हाती काय पडत होतं? काहीच नाही.

अँथनींनी मात्र भलतंच टोक गाठलं. सगळ्यांना देत नसाल, तर आधी जास्त बुद्धिमानांना मत द्या, असं त्या म्हणाल्या. म्हणजे शिकलेल्या गोऱ्या बायकांना, हे सांगायची गरज नव्हती. दुखणं खरं, पण युक्तिवाद हलका.

याच सभेत फ्रान्सिस हार्पर होत्या. कवयित्री, काळ्या. देशाला एका वेळी एकच प्रश्न झेपत असेल, तर काळ्या बायका आपल्या पुरुषांच्या वाटेत काडीही आडवी घालणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. दोन्हीकडची झळ सोसणारं त्या वादात दुसरं कोण होतं?

संघटना फुटली. अँथनी आणि स्टँटन यांनी आपली वेगळी चूल मांडली. बोलणं मात्र तुटलं नाही. २० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्या परिषदेत डग्लस यांना व्यासपीठावर नेणाऱ्यांत अँथनी होत्या. त्याच संध्याकाळी डग्लस घरी वारले. अंत्यविधीत स्टँटन यांचं पत्र अँथनींनी वाचून दाखवलं. देशभरातल्या स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती यायला तेव्हा अजून २५ वर्षं होती.