सुई टोचल्यावर काय वाटायला हवं

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून केलेले उपचार. ते घ्यायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुखेल का? इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिचं टोक तिरपं कापलेलं असतं. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव, स्टीलची, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. टोचताना मुंगी चावल्याइतकं जाणवतं, पुष्कळदा तेवढंही नाही.

खरी संवेदना पुढे येते. सुई स्नायूत पोचून थोडी फिरवली की तिथे जडपणा येतो, बारीक ठणका लागतो, मुंग्या येतात. चिनी वैद्य याला 'द-छी' म्हणतात आणि त्याची वाट पाहतात. मात्र विजेसारखी कळ गेली किंवा आग झाली तर ताबडतोब सांगा. सुई नसेला किंवा रक्तवाहिनीला लागलेली असू शकते, ती मागे घ्यावी लागते. डॉक्टरांसमोर निमूट सहन करायची आपली सवय इथे कामाची नाही.

उपाशी पोटी जाऊ नका. भूक, भीती आणि बसून घेतलेले उपचार एकत्र आले की चक्कर येते, म्हणून पहिल्या वेळी आडवंच झोपवावं. घाम फुटला, मळमळलं तर सगळ्या सुया काढून पाय उंच करायचे. सुया साधारण वीस ते तीस मिनिटं ठेवतात. तेवढ्यात कूस बदलली तर सुई वाकते, स्नायू आवळला तर ती अडकते. अडकलेली सुई ओढायची नसते. थोडं थांबून आजूबाजूला हलकं चोळलं की स्नायू सैलावतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तुम्ही गरोदर असाल किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर आधीच सांगा. गरोदरपणात अंगठा-तर्जनीमधला बिंदू टाळतात. कधीकधी सुयांना सौम्य वीज जोडतात, पेसमेकर असेल तर ती जोडायची नाही.

सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं आणि त्या एकदा वापरून फेकल्या गेल्या पाहिजेत. काढताना मोजायला सांगा, केसांत एखादी राहून जाते. छाती, खांदा, वरची पाठ इथे सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. हे क्वचित घडतं, पण धाप आणि छातीतली कळ काही तासांनीही सुरू होते. तेव्हा थेट रुग्णालय गाठा आणि सुया घेतल्याचं तिथे सांगा.

आता गुण किती येतो? जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने सुमारे ४८ टक्क्यांना, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७ टक्क्यांना बरं वाटलं. म्हणजे आराम खरा, पण बिंदूच्या नेमकेपणाचा दावा इथे डळमळतो. रुग्णाला हे ठाऊक असायलाच हवं.

जुनी कंबरदुखी, अर्धशिशी, गुडघेदुखी यांसाठी आठवड्यातून एक-दोनदा, सहा ते दहा बैठका घेऊन पाहाव्यात. सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर पुढच्या बैठकांचे पैसे आगाऊ भरू नका. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. आणि रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितलं, तर तिथून उठून या.