अंगठा उठला नाही तर

[दृश्य: पारडीकडची वस्ती. दुकानाच्या ओट्यासमोर पिशव्यांची रांग.]

नागपुरात रेशनच्या दुकानाला आजही ‘कंट्रोल’ म्हणतात. धान्य उतरलं की वस्तीत निरोप फिरतो आणि माणसांआधी पिशव्या रांगेला लागतात.

आत टेबलावर ई-पॉस मशीन. कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला की घरातल्यांची नावं दिसतात. त्यांतल्या कोणाही एकाचा अंगठा जुळला की धान्य निघतं. नाही जुळला, की बाई पिशवीची घडी करून परत जाते. ती काम सोडून आलेली असते. अशा तीन फेऱ्या झाल्या तर तीन दिवसांची रोजी बुडते, आणि फुकटचं म्हणून ज्याला नाकं मुरडली जातात ते धान्य तिला बाजारभावापेक्षा महाग पडतं.

[दृश्य: सिमेंटने उललेली बोटं, जवळून.]

अंगठा का उठत नाही? सिमेंट, चुना, विटा, भांड्यांची पावडर यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात. वय झालं की कातडी सुकते, थंडीत भेगा पडतात. जन्मभर जो जास्त राबला, त्याचीच ओळख मशीनला पटत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते रांगेतल्या प्रत्येकाला माहीत हवेत. हात साबणाने धुवून कोरडे करा. कातडी फारच रखरखीत असेल तर थेंबभर तेल चोळा, पण ते पूर्ण पुसून काढा. तेलकट बोटाने काच माखते आणि मागच्याचाही अंगठा अडतो. काच मऊ, सुक्या कापडाने पुसायला दुकानदाराला सांगा. बोट नुसतं टेकवा. जोर लावला की रेषा पसरतात. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, म्हणून अंगठा हटला तर तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. बोटं संपली तरी वाट संपत नाही: सोय असेल तिथे डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटते, नाहीतर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो.

अडतं ते या मोबाइलपाशी. आधार काढताना कुणा शेजाऱ्याचा नंबर दिलेला असतो, किंवा रिचार्ज न केल्याने सिम कधीच बंद पडलेलं असतं. नंबर आधार केंद्रावर बदलून मिळतो, आणि त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. मुलांच्या बोटांचे ठसे 5 आणि 15 वर्षांच्या वयात नव्याने द्यायचे असतात. ते राहून जातं आणि पुढे घरातलं एक माणूस कमी धरलं जातं.

[दृश्य: पिवळं आणि केशरी कार्ड, शेजारी शेजारी.]

आता कार्डाकडे बघा. पिवळ्या, अंत्योदय कार्डावर घराला महिन्याला 35 किलो धान्य मिळतं, माणसं कितीही असोत. केशरी कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ नोंद असेल तर माणशी 5 किलो. केवळ रंग केशरी असून भागत नाही, नोंद लागते. शहरात तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59,000 रुपये आहे. एकट्या राहणाऱ्या निराधार विधवेला हा फरक जगण्यामरण्याचा: 35 किलो की 5. अंत्योदयच्या निकषांत अशा बायका आहेत, अपंग आहेत, निराधार वृद्ध आहेत. तरी अर्ज करायला गेलं की उत्तर येतं, ‘इष्टांक संपला,’ म्हणजे ठरवून दिलेली माणसांची संख्या भरली. राज्याचा इष्टांक सुमारे 7 कोटी लोकांचा, तोही 2011 च्या जनगणनेवर आखलेला. त्यानंतर वाढलेल्या वस्त्या त्यात मावणार कशा? म्हणूनच मेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं वेळेवर कमी होणं गरजेचं आहे. तेवढी जागा दुसऱ्या घराला मिळते.

छत्तीसगडहून इथे बांधकामावर आलेल्या मजुरांना हे बहुधा कोणी सांगत नाही: त्यांच्या गावचं कार्ड नागपुरातही चालतं. आपल्या वाट्याचं इथे उचलावं, उरलेलं घरच्यांनी तिकडे.

[दृश्य: मशीनमधून निघणारी पावती.]

जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. पैसे मागितले तर देऊ नका. पावती मात्र मागून घ्या. चार माणसांच्या प्राधान्य कार्डावर गहू-तांदूळ मिळून 20 किलो भरायला हवेत. पावतीवर 20 आणि पिशवीत 18 असतील तर तिथेच, तोंडावर सांगा. वजनाआधी काट्यावर रिकामं भांडं ठेवून शून्य दाखवायला लावा. तक्रारीचा नंबर 1967.

आणि ज्यांच्या घरी या बाया भांडी घासतात, ज्यांच्या साइटवर ही माणसं विटा वाहतात, त्यांच्याकडे एक मागणं आहे. धान्याच्या दिवशी दोन तास सुट्टी द्या, रोजी न कापता. वाचता येत असेल तर तिच्याबरोबर जा आणि पावती वाचून दाखवा.

नाव कटलं असेल तर तोंडी विचारून परत येऊ नका. शहरात अन्नधान्य वितरण कार्यालयात दोन प्रतींत अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 8 प्रमाणे हक्काचं धान्य मिळालं नाही, तर राज्य सरकारने त्याबदल्यात भत्ता द्यायचा असतो. तो मागायला जाल तेव्हा पहिला कागद हाच लागेल.