एक ग्रॅम, एक कंटेनर
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय 'शेतमाल आणि निर्यात प्रोत्साहन योजना'. योजनांकडे येतोच. पण समोर निम्मी मंडळी निफाड-दिंडोरीची दिसतायत, तेव्हा द्राक्षाला वळसा घालून पुढे जाणं धोक्याचं.

२००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले. त्या दणक्यातून आजची व्यवस्था उभी राहिली. बाग कृषी खात्याकडे नोंदवायची. २००६ पासून अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या संगणकीय यादीत प्रत्येक प्लॉटची नोंद असते. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. शेतकऱ्याने निवडून पिशवी भरून द्यायची नाही. (हसताय म्हणजे कारण ठाऊक आहे.) अहवाल चांगला आला की पॅकहाऊस, मग प्रतीचा अ‍ॅगमार्क दाखला, मग फायटो, म्हणजे रोग-कीड नसल्याचा दाखला. नापास झाला, तर त्या प्लॉटवर अलर्ट आणि युरोपची वाट बंद. रॉटरडॅमला खोका उघडला तरी माल कुठल्या बागेतला, हे शोधता येतं. माझ्या लेखी प्रोत्साहन म्हणतात ते याला. परदेशातल्या प्रदर्शनात स्टॉल लावून फोटो काढणं, हे पर्यटनाला प्रोत्साहन.

एवढं असूनही २०१० मध्ये घात झाला, आणि तो कसा झाला हे नीट समजून घ्या. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेल नुसता शेंड्याला पळतो. शेंडा थांबावा, काडीत घड तयार व्हावा, म्हणून सीसीसी मारायची आपली जुनी पद्धत. क्लोरमेक्वाट क्लोराईड. हे औषध वेलीत मुरतं आणि पुढे फळात उतरतं. फवारणी उन्हाळ्यात, माल थेट पुढच्या फेब्रुवारीत. त्यामुळे काढणीपूर्व दिवस मोजून कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे २० टनांत एक ग्रॅम! चिमूटभर औषध आणि जवळजवळ अख्खा कंटेनर.

आता विचाराल, प्रयोगशाळेने पकडलं कसं नाही? कारण ते तपासायच्या यादीतच नव्हतं. शिवाय हे औषध इतकं पाण्यात विरघळणारं, की एका झटक्यात अनेक औषधं शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते हाती लागत नाही; त्याची तपासणी वेगळी करावी लागते. आपले अहवाल खरे होते, प्रश्नच अपुरा विचारला होता. तिकडच्या तपासणीत अंश निघाले, कंटेनर अडकले, भाव कोसळले, शेतकऱ्यांचे पैसे थकले. त्यानंतर सीसीसी यादीत आलं. विकत घेणाऱ्या देशाने मर्यादा कधी बदलली, यावर सरकारी पगाराचा एक माणूस बारा महिने डोळा ठेवून बसला, तरी ते अनुदानापेक्षा स्वस्त पडेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे', आणि खाली दोन रेघा! बरं, मग योजना पळत पळत.

२०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनलने अमेरिकेच्या तक्रारीवरून आपल्या निर्यात अनुदानांविरुद्ध निकाल दिला. निर्यातीवर बक्षीस देणारी एमईआयएस योजना गेली, १ जानेवारी २०२१ पासून रोडटेप योजना आली. ते बक्षीस नाही. इंधनावरचा कर, वीज शुल्क असे जे कर जीएसटीत परत मिळत नाहीत, त्यांचा परतावा आहे. तो रोख नाही, स्क्रिप म्हणून, म्हणजे विकता येणारं जमापत्र म्हणून मिळतो. आयातशुल्क भरायला वापरा, नाहीतर आयातदाराला थोडं कमी घेऊन विका.

कांदेवाले केव्हाचे चुळबुळ करतायत. त्यांचा हिशेब तारखांतच सांगतो. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात दर. डिसेंबरात बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क लावूनच. शुल्क शून्यावर यायला १ एप्रिल २०२५ उजाडला. तोवर दुबईचा व्यापारी आपली वाट बघत बसेल का? एका हाताने परतावा द्यायचा आणि दुसऱ्याने रातोरात फाटक लावायचं, तर त्या परताव्याला कोण विचारतो? निदान बंदरात पोचलेला माल तरी सोडा.

शेवटचं, तेही उभ्या उभ्या. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद, भरताना रोडटेपच्या रकान्यात दावा आहे, असं नोंदवलंय का, ते स्वतः बघा. क्लिअरिंग एजंटवर सोडू नका. तिथे चुकून 'नाही' पडलं, तर माल गेल्यावर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात, आणि बहुतेकदा हाती काही लागत नाही.