सगळं पुसलं, दात राहिले

२९ नोव्हेंबर १९७०. नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या कडेला इस्डालेन नावाची दरी आहे, तिथे फिरायला गेलेल्या एका बापाला आणि त्याच्या दोन मुलींना दगडांमध्ये एका बाईची जळालेली बॉडी दिसली. पोलीस आले, आणि लक्षात आलं की कपड्यांवरची लेबलं कुणीतरी कापून टाकलीयेत.

मग रेल्वे स्टेशनवर दोन सुटकेस सापडल्या. आतल्या चष्म्यावरचा ठसा तिच्या बोटाशी जुळला, म्हणजे बॅगा तिच्याच. पण आत काय, तर विग, अस्तरात लपवलेल्या जर्मन मार्कांच्या नोटा आणि इसबाचं मलम, ज्याच्यावरचं डॉक्टरचं नावसुद्धा खरवडून काढलेलं. मलमावरचं! एवढं बघितल्यावर लोकांनी लगेच हेर, हेर सुरू केलं, त्यात शीतयुद्धाचा काळ, मग काय विचारता. हेर असेल, नसेल, आधी बाई कोण ते तर कळू दे.

एक चूक मात्र राहिली होती. बॅगेत एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तिच्यावर स्टॅव्हँगर शहरातल्या चपलांच्या दुकानाचं नाव. दुकानदाराच्या मुलाला ती आठवत होती, रबरी बूट घेऊन गेली होती. तिथून पोलीस हॉटेलांपर्यंत पोचले, रजिस्टरं तपासली आणि एकाच बाईची निदान आठ नावं निघाली, सगळी खोटी.

पोस्टमॉर्टेममध्ये पोटात झोपेच्या गोळ्या आणि फुप्फुसात काजळी, म्हणजे आग लागली तेव्हा ती जिवंत होती. पोलिसांनी आत्महत्या धरली, बऱ्याच जणांना ते आजही पटत नाही. १९७१च्या फेब्रुवारीत तिला जस्ताच्या पेटीत पुरलं, उद्या कुणी नातेवाईक आलेच तर नेता यावं म्हणून. जबडा मात्र आधीच काढून ठेवला होता, आणि केस आज जिवंत आहे ती या एका निर्णयामुळे.

दातांचं असंय की वरचं कवच लहानपणी तयार होतं आणि मग बदलत नाही. तेव्हा तुम्ही जे पाणी पिता, जिथलं अन्न खाता, तिथल्या ऑक्सिजन आणि स्ट्रॉन्शियम या धातूची खूण त्यात कायमची अडकते. २०१६ला पोलिसांनी आणि नॉर्वेच्या सरकारी चॅनलने केस पुन्हा उघडली, जबडा लॅबमध्ये गेला, आणि उत्तर आलं: जन्म साधारण १९३०च्या आसपास, बालपण बहुतेक जर्मनीत न्युरेम्बर्गच्या भागात, नंतर पश्चिमेला फ्रान्सच्या बाजूला. जिने मलमावरचं लेबल सोडलं नाही, तिचं लहानपण दातात सापडलं.

डीएनएसुद्धा मिळाला, इंटरपोलमार्फत देशोदेशी गेला, मॅच नाही. डीएनए असून उपयोग काय, समोर जुळवायला कुणीतरी पाहिजे ना. ऑस्ट्रेलियात १९४८ला समरटन बीचवर मरून पडलेल्या, कोण ते न कळलेल्या माणसाचं बघा, त्याच्या चेहऱ्याच्या प्लास्टरच्या साच्यात अडकलेल्या केसांतून डीएनए काढला, लांबच्या नातेवाइकांवरून वंशावळ जुळवत गेले आणि २०२२ला प्रोफेसर डेरेक अ‍ॅबट यांनी नाव जाहीर केलं, कार्ल वेब.

इथेही रस्ता तोच दिसतो. आता हिशोब करा, ती १९३०ची असेल तर सख्खी भावंडं असली तरी नव्वदीच्या आसपास. शोधायचं तर पुतणे, भाचे, त्यांची पोरं, ज्यांना अशी कुणी आत्या किंवा मावशी होती हेच कदाचित घरात कुणी सांगितलेलं नाही.